शिंकरीच्या तेलातला कापूर

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या एकुलत्या एका भाचीचा वाकून नमस्कार. हे पत्र हातात पडेल तेव्हा तू शिवणयंत्रावरून उठलेली असशील आणि डोक्यावरचा चष्मा घरभर शोधून झाला असेल, असं धरून लिहिते. तुझा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याची बातमी बाबांकडून कळली (त्यांच्या मते डावा गुडघा हे दुखणं नसून तुझा हट्ट आहे, पण ते धाकटे भाऊ, त्यांचं काय मनावर घ्यायचं). इकडे आई खुशाल, बाबा खुशाल, बाबांचं कुलपांचं दुकानही खुशाल. मीही खुशाल आहे. फक्त गेल्या दहा दिवसांत माझी नोकरी तीनदा जाता जाता राहिली, त्यामुळे पत्राला जरा उशीर झाला.

फोन का केला नाहीस, असं तू म्हणशील. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं त्यावर तू "बरं, जेवलीस का?" एवढंच विचारतेस. हा विषय त्यात बसणारा नाही. शिवाय आमच्या बाईंना (म्हणजे विभागप्रमुखांना, त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात, आणि त्या खोलीत आल्या की पंखासुद्धा हळू फिरतो) तुझं उत्तर लेखी हवं आहे. हो, तुझंच. घाबरू नकोस. सगळं क्रमाने सांगते. मधेच शेवटचं पान उघडू नकोस; तुझी ती सवय मला पाठ आहे.

आधी मी काय काम करते ते एकदा नीट लिहून टाकते, कारण घरात ते अजून कोणालाच कळलेलं नाही. बाबा गिऱ्हाइकांना सांगतात की पोरगी तेलाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. आई सांगते की औषधं बनवते. शेजारच्या काकू दर आठवड्याला बाटली घेऊन येतात आणि केस वाढायचं तेल मागतात. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे पदवी घेतलेला माणूस दिवसभर नेमकं काय करतो हे विचारायला दुसरं कोणी नाही (खरं सांगायचं तर पहिले चार महिने मलाही नीट माहीत नव्हतं). तर रानात आपोआप उगवणारी जी वासाची झाडं असतात, त्यांची पानं आम्ही वाफवतो, वाफेबरोबर उडून आलेलं तेल धरतो, आणि त्या तेलात काय काय आणि किती किती आहे ते शोधतो. चार किलो वाळलेल्या पानांतून तेल निघतं चहाच्या अर्ध्या कपाएवढं. मी ती बाटली एकदा घरी दाखवायला आणली होती. बाबांनी ती उजेडात धरली, हलवली आणि म्हणाले, "चार किलोत एवढंच? पोरी, तुला कोणीतरी लुटलंय."

मग या तेलाचा एक चिमुकला थेंब यंत्रात सोडायचा. यंत्राच्या पोटात केसाएवढी बारीक आणि तीस मीटर लांब नळी गुंडाळून ठेवलेली असते. तेलातले ऐंशी-नव्वद घटक त्या नळीत शिरतात एकदम, पण बाहेर पडतात एकेक करून. हलके असतात ते झटकन निघतात. जड असतात ते तुझ्या आणि आईसारखे, "चल, निघते हं" म्हणून दारात पाऊण तास उभे. जो बाहेर पडेल त्याचं कागदावर एक शिखर उमटतं, आणि शिखर जेवढं मोठं तेवढा तो घटक तेलात जास्त. यंत्र चालवणाऱ्या गृहस्थांना आम्ही यंत्रकाका म्हणतो. ते यंत्राला "ही" म्हणतात आणि आम्हाला "तुम्ही लोक".

आता शिंकरीकडे येते. तुझ्या घरामागच्या टेकडीवरची ती झुडपं, ज्यांचं पान चुरगाळलं की तुला सात शिंका येतात आणि आठवी अडकते, तीच. दोन महिन्यांपूर्वी मी येऊन दोन पोती पानं तोडली आणि तुझ्या माळ्यावर पसरली, कारण तेलाची पानं सावलीत वाळवावी लागतात आणि तुझ्या माळ्यासारखं दोन्हीकडून वारं आमच्या अख्ख्या इमारतीत नाही. बारा दिवस तू दोन्ही वेळा ती पानं उलटलीस, वर पोत्यांना लाल दोऱ्याने माझं नाव शिवलंस आणि मालाच्या गाडीने पाठवून दिलीस. सोबत तुझी चिठ्ठी होती : "एक किडा लागू दिला नाही. बिनघोर राहा." ती मी माझ्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे आणि म्हणायचे, बघा, याला म्हणतात नमुना सांभाळणं. (ही चिठ्ठी आता भिंतीवर नाही. का ते पुढे येईल.)

पानं तीन आठवडे आमच्या भांडारात राहिली, मग माझी पाळी आली, मी तेल काढलं आणि यंत्रात सोडलं. आणि आत्या, कागदावर असं एक शिखर उभं राहिलं की बाकीची सगळी त्याच्यापुढे वारुळं वाटावीत. कापूर! तेलाचे शंभर भाग केले तर त्यातले चौतीस भाग कापूर! शिंकरीवर यापूर्वी ज्यांनी ज्यांनी काम केलं त्या सगळ्यांना तिच्यात निलगिरीच्या वासाचा घटक भरपूर मिळाला होता आणि कापूर नावापुरता. आता एकच झाड वेगळ्या मातीत वेगळं तेल बनवू शकतं, आणि तसं आढळलं तर तो त्या झाडाचा नवा रासायनिक प्रकार मानतात. म्हणजे तुझ्या परसदारी जगात कुठेही नोंद नसलेला प्रकार उगवत होता आणि तू त्याच्यावर ओली पायपुसणी वाळत घालत होतीस.

यात माझं काय अडलं होतं ते सांगते, कारण बाबांना ते काळजी नको म्हणून सांगितलेलं नाही. माझी नेमणूक एका वर्षाची. ती पुढच्या महिन्याअखेर संपते. वार्षिक परिषदेत स्वतःचं काही नवं मांडलं तरच बाई पुढच्या दोन वर्षांची शिफारस करणार, नाहीतर मी घरी. बाईंनी माझा कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "मांड." एवढंच. मी जिन्यात बसून पाच मिनिटं रडले (आनंदाने) आणि मग लोक वर-खाली करू लागले म्हणून उठले.

घरी सांगितल्यावर बाबांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, किल्ली घासता घासता, "आमच्या पोरीनं झाडात कापूर शोधला" असं ऐकवलं. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "कापूर दुकानात मिळतो की." मी तिला अर्धा तास समजावलं की प्रश्न कापूर मिळण्याचा नाही, ज्ञानाचा आहे, माणसाने निसर्गाला एक प्रश्न विचारला आणि निसर्गाने उत्तर दिलं, याला मोल आहे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते खरं गं. पण दुकानात मिळतो."

इथे थांबले असते तर हे पत्र एवढंच झालं असतं. पण मला वाटलं, जगापुढे मांडायचं तर पुरतं मांडावं. (इथेच माझं चुकलं, असं यंत्रकाका म्हणतात. मला तसं वाटत नाही. एक-दोनदा वाटलं, पण ते उपाशीपोटी.) त्याचं असं आहे की कापराचे कण दोन तऱ्हेचे असतात. तुझ्या भाषेत सांगते : डावी बाही आणि उजवी बाही. कापड तेच, माप तेच, शिलाई तीच, पण डावी बाही उजवीकडे बसत नाही. आता झाड हा असा शिंपी आहे की तो सहसा एकाच बाजूच्या बाह्या शिवतो. शिंकरी कोणत्या बाजूच्या शिवते, एवढंच मला लिहायचं होतं. डाव्या-उजव्या वेगळ्या करणारी एक खास नळी यंत्रकाकांच्या खणात मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते. ती ते कोणाला देत नाहीत. तीन दिवस मी त्यांच्यामागे भुणभुण लावली. चौथ्या दिवशी त्यांनी नळी काढली ती मला देण्यासाठी नव्हे, माझा आवाज बंद व्हावा म्हणून.

कागद बाहेर आला. एक शिखर यायला हवं होतं, तिथे दोन आली. शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारखी, उंचीत तसूभर फरक नाही. मला वाटलं, शिंकरी दोन्ही हातांनी शिवते! आणखी एक शोध! मी बाईंकडे पळत निघाले तर यंत्रकाकांनी माझी ओढणी धरली.

"कुठे निघालात?"

"बाईंना सांगायला. निम्मे डावे, निम्मे उजवे!"

"बसा. झाडाने एवढी सरळ वाटणी केलेली मी तीस वर्षांत पाहिली नाही. अशी वाटणी करतो कारखाना. हा कापूर पुडीतला आहे, ताई. कोणीतरी घातलाय."

मी बसले. आणि बसल्या बसल्या समोरच्या भिंतीवरची तुझी चिठ्ठी दिसली. एक किडा लागू दिला नाही.

आत्या, रागावू नकोस. पण तुझी कपड्यांची पेटी उघडली की कापराच्या वासाने शेजारच्या घरातला माणूस शुद्धीवर येतो, हे तूच अभिमानाने सांगतेस. तू शिवून पाठवलेले कपडे मी दोनदा धुतल्याशिवाय घालू शकत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. माझ्या डोळ्यांपुढे आलं की तू माळ्यावर चढलीस, भाचीच्या शिक्षणाची काळजी वाहत कापराच्या वड्या बोटांनी कुस्करल्यास आणि पानांत मायेने मिसळल्यास. चौतीस भाग माया. मी ती चिठ्ठी काढून खणात ठेवली आणि परिषदेला आठ दिवस उरलेले असताना बाईंपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, बाई, माझा शोध हा माझा शोध नसून माझी आत्या आहे.

बाईंनी उठून दार लावून घेतलं. मग विचारलं, "हे किती जणांना माहीत आहे?" मी म्हटलं, "तुम्ही, मी, यंत्रकाका." त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या वडिलांचं गिऱ्हाईक." (बाईंनी मागच्या आठवड्यात घराच्या कुलपाची किल्ली करून घेतली होती, हे मला तेव्हा कळलं.) पण ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, उरलेली पानं भांडारातून आण, त्यात काही तुकडे सापडतात का बघू.

मी भांडारात गेले. भांडार म्हणजे खिडकी नसलेली लांबट खोली, दोन्ही बाजूंना लाकडी कपाटं, आणि मधे स्टुलावर भांडारकाका. त्यांचं अक्षर इतकं सुंदर आहे की आमच्या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या नमुन्यांपेक्षा जास्त जपाव्याशा वाटतात. मी माझं पोतं काढायला कपाट उघडलं, आणि मागच्या बाजूला खिळ्याला टांगलेली एक पांढरी पुरचुंडी दिसली. शेजारचं कपाट उघडलं, त्यात एक. पलीकडच्यात एक. सगळ्या कपाटांत. मी विचारलं, "काका, हे काय?"

काकांची छाती फुगली. "कापूर! अकरा वर्षं टांगतोय. महिन्याला बदलतो. पानांच्या पोत्यांत तर वरून थोडा भुरभुरतो देखील. एक झुरळ दाखवा मला इथं. एक!"

मी काही दाखवू शकले नाही.

आता पुढचं जरा जपून वाच. बाईंचं सगळ्यांत गाजलेलं काम आहे "नऊ रानटी झाडांतला कापूर". त्या कामावर त्यांना मान मिळाला, खुर्ची मिळाली, आणि मला ज्या परिषदेत बोलायचं आहे तिचं अध्यक्षपदही मिळालं. ते काम आठ वर्षांपूर्वीचं. पुरचुंड्या अकरा वर्षांपासूनच्या. नऊ झाडं, नऊही आमच्या भांडारात राहिलेली, आणि नऊच्या नऊ कापूरवाली. हे गणित मी बाईंच्या टेबलापाशी उभी राहून केलं, आणि माझ्या चेहऱ्यावरून बाईंनीही केलं. त्यांनी टेबलावरचा माझा कागद पालथा घातला, पुन्हा सरळ केला. शेवटी बाई म्हणाल्या, "तुझ्या आत्यानेच घातला असेल."

तेव्हापासून, आत्या, आमच्या इमारतीत तुझी फारच चर्चा आहे. तू घातला असलास तर दोष दोन पोत्यांपुरता राहतो. पोरगी नवीन आहे, घरची माणसं भोळी आहेत, सांभाळून घेऊ, असं म्हणून शिफारसही होते. तू घातला नसलास तर आठ वर्षांपूर्वीचं ते काम, बाईंचं नाव आणि भांडारकाकांची अकरा वर्षांची सेवा, सगळंच वाफेवर जातं, आणि मग माझी शिफारस करायला बाई खुर्चीत असतील की नाही कोण जाणे. भांडारकाका रोज विचारतात, "आत्याबाईंचं काही कळलं का?" यंत्रकाका म्हणाले, "आत्या असणं फार सोयीचं असतं. आम्हाला नव्हती, म्हणून आम्ही मागे राहिलो." यंत्राला विचारून उपयोग नाही, कारण तुझा कापूर दुकानातला आणि काकांचाही दुकानातला, तू आणि भांडारकाका यांच्यातला फरक तिला कळत नाही. बाईंनी एका कागदावर दोन ओळी लिहून माझ्या हातात ठेवल्या : "मी खाली सही करणारी, सदर पानांस कीड लागू नये म्हणून त्यांत कापूर घातला होता." खाली सहीची जागा. म्हणाल्या, "आत्याकडून आण." आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलल्या.

तो कागद मी या पत्रासोबत पाठवलेला नाही. घरी आणला, दोन दिवस दप्तरात ठेवला. बाबांना विचारायचं होतं, पण नोकरीचं न सांगता कसं विचारणार? म्हणून म्हटलं, समजा एखाद्याने कुलूप बिघडवलं आणि दुसऱ्यावर ढकललं, तर? बाबा म्हणाले, "ढकलू दे. उघडायला शेवटी माझ्याकडेच येणार." यातून मला काय घ्यायचं ते कळलं नाही, पण बरं वाटलं. मी आहे तिथे खूश आहे, आत्या. सकाळी काचेच्या नळीतून तेलाचा पहिला थेंब पाण्यावर तरंगतो, तेव्हा मला अजून दर वेळी वाटतं की हे आत्ताच कोणीतरी पहिल्यांदा पाहतंय. ही नोकरी मला हवी आहे. पण तुझी सही घेऊन नको.

तेव्हा गुडघ्यांना जप, जिना एका वेळी एकच पायरी चढ, आणि माझ्याबद्दल जे काही ऐकशील त्यातलं निम्मं बाबांनी वाढवलेलं आहे असं समज. आईने तुला आठवण सांगितली आहे. तिचं म्हणणं, कापूर हवा असेल तर दुकानात मिळतो.

तुझीच,
तेलवाली भाची

ता. क. : तर खरी विनंती अशी. कापूर घातला होतास की नव्हता, एवढं एका ओळीत लिहून पाठव. मला वाचवायला "घातला" लिहू नकोस आणि स्वतःला वाचवायला "नाही" लिहू नकोस. आणि टेकडीवरून चार किलो शिंकरी तोडून घेऊन (शेजारच्या गवतवालीला लाव, तू चढू नकोस) माळ्यावर वाळवून पाठव. दोन आठवड्यांत तिचा फुलोरा संपेल आणि पानांतलं तेल आटेल, मग वर्षभर वाट बघावी लागेल. कापूर नको, डांबरगोळी नको, कडुनिंबाचा पाला नको. किडे लागले तर लागू देत, किड्यांचं मी बघते.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून बरं. आज दुपारी बाई आपणहून माझ्या टेबलापाशी आल्या. हातात एक कागदी पुडकं. त्या नऊ झाडांपैकी एकाची पानं आठवण म्हणून त्यांनी तोडली त्याच दिवशी घरी नेऊन ठेवली होती, ती भांडारात कधीच आली नव्हती. म्हणाल्या, "मलाही बघायचंय. यांना सांग नळी काढायला." यंत्रकाकांनी एका शब्दाने न हटकता नळी काढली. बाईंनी पुडकं उघडलं, आणि वासाने आम्हा तिघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी पुडकं हळूच बंद केलं आणि म्हणाल्या, "कपाटात होतं. सासूबाई." मग दहा महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. हसू थांबेना तेव्हा यंत्रकाकांनी नळीचं फडकं त्यांना डोळे पुसायला दिलं, यावरून काय ते समज.

ता. क. तिसरा : बाईंनी दोन ओळींचा तो कागद माझ्याकडून परत मागून घेतला आणि फाडला. परिषदेत आम्ही दोघी मिळून "साठवणीतल्या नमुन्यांत शिरणारा कापूर" यावर बोलणार आहोत, आणि नऊच्या नऊ झाडं पुन्हा गोळा करून पहिल्यापासून तपासणार आहोत. त्याला दोन वर्षं लागतील आणि असलं नाक कापणारं काम माझ्याशिवाय कोणी अंगावर घेणार नाही, म्हणून माझी शिफारस झाली. भांडारकाकांनी पुरचुंड्या काढल्या आणि सकाळपासून झाडू घेऊन झुरळाची वाट बघत बसले आहेत. म्हणजे आता तू हो म्हणालीस तरी माझी नोकरी राहते आणि नाही म्हणालीस तरी राहते. कोणाचं काही अडलेलं नाही. म्हणून, आत्या, आता तरी खरं सांग : घातला होतास ना?